वाटीचा आवाज

मोरेश्वर कुंभोजकर एक काम दोनदा करणारा माणूस नव्हता.

सांगलीजवळच्या एका पंपाच्या कारखान्यात त्याने उभी हयात लेथवर काढली. पहिला शाफ्ट कातायला तो इतरांपेक्षा जास्त वेळ घ्यायचा. सुपरवायझर ओरडायचा. पण तो शाफ्ट एकदा मापात बसला की मोरेश्वर तो फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवायचा आणि बाकीचे सगळे त्याच्याशी ताडून घ्यायचा. त्याचं काम सहसा परत यायचं नाही. पाळी सुटली की आधी रॉकेलने, मग साबणाने आणि शेवटी नखांना ब्रश लावून तो हात धुवायचा. तरी घरी पोचल्यावर त्याची बायको उल्का दारातच म्हणायची, "हात धुवा आधी." तो पुन्हा धुवायचा. धुतल्याशिवाय त्याने ना कधी भाकरीला हात लावला, ना पाळण्यातल्या मुलीला.

ती मुलगी म्हणजे सुमेधा. शिकली, अमेरिकेला गेली, सिएटलजवळ बॉथेलला औषधं बनवणाऱ्या एका कंपनीत लागली. तिला दुसरं भावंड नव्हतं. मोरेश्वर रिटायर झाल्यावर तिने दोघांना तिकडेच बोलावून घेतलं.

तिथे गेल्यावर त्याने घराच्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. कुंपणाच्या हलणाऱ्या फळ्या ठोकल्या. गळणारा नळ बदलला. मग करायला काही उरलं नाही. तो खिडकीशी बसून समोरच्या घराचं गॅरेज बघू लागला, कारण त्या गॅरेजचं दार दिवसभर उघडं असायचं आणि आत एक म्हातारा सारखा काहीतरी खटपट करत असायचा.

त्याचं नाव डॅरिल. रस्ते बांधायच्या कामावर त्याने जन्मभर मोठमोठी यंत्रं चालवली होती. आता त्याला एकच नाद होता, सोनं शोधायचा. भिंतीवर फावडी, नदीतली वाळू पाखडायच्या उथळ थाळ्या, जमिनीतला धातू ओळखणारी डिटेक्टर यंत्रं ओळीने टांगलेली. एकदा तर तो यंत्र घेऊन ऑस्ट्रेलियाला जाऊन आला होता. तिथल्या लाल मातीत म्हणे सोन्याचे गोळे वरच्यावर मिळतात. डॅरिलला उन्हाने सोललेलं नाक आणि तुरीच्या डाळीएवढा एक गोळा मिळाला. त्याची बायको त्यावर अजून हसायची.

मोरेश्वरचं इंग्रजी तुटकं होतं. पण हत्यारांना भाषा लागत नाही. डॅरिल त्याला "मो" म्हणू लागला आणि आपल्या ट्रकमधून डोंगराकडच्या नदीवर नेऊ लागला. थाळीत वाळू घ्यायची, पाण्यात धरून गोल हलवायची. हलकं वाहून जातं, जड तळाशी बसतं. शेवटी काळ्या रेतीत दोन-चार पिवळे कण चमकले तर चमकले. मोरेश्वरच्या मनगटाला ते लवकर जमलं. कण तो काचेच्या बारीक बाटलीत भरून घरी आणायचा.

"उभा जन्म लोखंड कातलंत आणि आता पाण्यातून सोनं काढताय," उल्का म्हणायची. "निघालं बरंचसं तर मला नथ करा."

"तुझ्या नाकाला पुरेल एवढं निघालं तर ना!"

"मग मुंगीला करा. तिचं नाक लहान असतं."

पण ऑगस्टमध्ये एकदा तीही हौसेने नदीवर आली. एका चपट्या दगडावर बसली, साडी वर खोचली, थाळी मागून घेतली. बराच वेळ पाण्यावर ओणवी होऊन वाळू हलवत राहिली. एक कण मिळाला तेव्हा लहान मुलीसारखी ओरडली. डॅरिलने टाळ्या वाजवल्या. परतताना ट्रकमध्ये ती तो कण हातातल्या बाटलीत सारखा बघत होती.

घरी येऊन पदर नीट करताना तिचा हात गळ्याशी गेला आणि तिथेच राहिला.

"अहो," ती म्हणाली, "वाढवलं."

मंगळसूत्र तुटलं असं म्हणत नाहीत. दोरा जुना झाला होता. सांगलीला असती तर पटवेकऱ्याकडून गाठवून आणलं असतं. इथे कुणाकडे नेणार, म्हणून राहून गेलं होतं. काळे मणी काही ब्लाउजमध्ये सापडले, काही निऱ्यांत. दोन्ही वाट्या मात्र नव्हत्या, नदीवरच पडल्या असणार. एक सासरची, एक माहेरची.

उल्काने डब्यातून हळकुंड काढलं, दोऱ्याला हळद लावली आणि मोरेश्वरपुढे मान वाकवून बसली. त्याने ते गळ्यात बांधलं.

"झालं," ती म्हणाली. "देवाला चालतं एवढं." मग थोड्या वेळाने म्हणाली, "माझ्या आईबापाची तेवढीच खूण होती माझ्याकडे. दिसली तर बघा."

दिसली तर बघा, एवढंच ती म्हणाली होती. मोरेश्वरने ते अंगावर घेतलं.

दुसऱ्याच आठवड्यात तिच्या पोटात दुखायला लागलं. पुढचं सगळं फार भराभर झालं. तपासण्या झाल्या. स्वादुपिंडाचा कॅन्सर, आणि तो पसरलेला. डॉक्टर बाई सुमेधाशी बराच वेळ हळू आवाजात बोलली आणि सुमेधाने आईबापांना मराठीत सांगताना त्यातलं अर्धंच सांगितलं. उरलेलं दोघांना तिच्या चेहऱ्यावरून कळलं. इस्पितळात ठेवून उपयोग नव्हता. खालच्या हॉलमध्ये, बागेकडच्या काचेशी, वरखाली होणारा पलंग आला. वेदना कमी करायला नर्स घरी येऊ लागली.

"आई, मी नवीन मंगळसूत्र ऑर्डर करते ना," सुमेधा म्हणाली. "सेम डिझाइन. पुण्याहून येईल."

"नको गं. हळकुंड आहे की."

ते मोरेश्वरने ऐकलं. हळकुंड आहे की, याचा अर्थ त्याने असा लावला की नवं नको, तेच हवं. तो उठून समोरच्या गॅरेजमध्ये गेला.

डॅरिलने त्याला आपलं चांगलं डिटेक्टर दिलं आणि कसं चालवायचं ते शिकवलं. लांब दांडा, खाली ताटाएवढी चकती, कानाला हेडफोन. चकती जमिनीलगत डावी-उजवी फिरवायची. खाली धातू असला की आवाज येतो आणि पडद्यावर आकडा दिसतो. लोखंडाचा आकडा वेगळा, तांब्याचा वेगळा. पहिल्याच फेरीला यंत्र किंचाळत सुटलं. मोरेश्वरने कारखान्यातले, बोटांवर पोलादी टोपी बसवलेले बूट घातले होते.

"मो, तू स्वतःचे पाय शोधतोयस," डॅरिल म्हणाला. त्यानंतर रबरी बूट आले.

यंत्रात एक सोय होती. नको असलेले आकडे बंद करता यायचे, म्हणजे त्यांचा आवाजच येत नाही. नदीकाठी लोक पिकनिकला येतात. चॉकलेटची चांदी, बिअरच्या कॅनच्या कड्या, फॉइलचे बोळे वाळूत सगळीकडे पसरलेले असतात. प्रत्येक आवाजाला खाली बसायचं, दगड बाजूला करायचे, उकरायचं, चाळायचं, पुन्हा बुजवायचं. मोरेश्वरचे गुडघे गेलेले. शिवाय उल्काला सोडून तो फार वेळ राहू शकत नव्हता. तेव्हा त्याने आपल्या सवयीप्रमाणे आधी माप ठरवलं. बोटातली अंगठी काढून वाळूत पुरली. ती सासऱ्यांनी लग्नात घातलेली, माहेरची वाटी ज्या सोनाराने घडवली त्याच्याच हातची. म्हणजे सोनं तेच. अंगठीवरून चकती फिरवली, आकडा बघितला. त्याच्या खालचे सगळे आकडे बंद करून टाकले.

डॅरिलने मान हलवली. "असं करू नकोस. सगळं खण. सोनं कुठल्याही आवाजात बोलतं."

"नो वेस्ट," मोरेश्वर म्हणाला.

"मो, हा नाद म्हणजे सगळा वेस्टच आहे."

मोरेश्वर हसला नाही. डॅरिलसाठी तो नाद होता.

काम त्याने चोख केलं. दगडगोट्यांच्या त्या पट्ट्यावर खुंट्या ठोकल्या, दोऱ्या बांधल्या, जमिनीचे वाफे पाडले. उल्का बसली होती त्या चपट्या दगडापासून सुरुवात. एक वाफा आडवा, मग तोच उभा. एक हातभर जागा सुटू दिली नाही. डॅरिल जाईल तेव्हा त्याच्याबरोबर तो जायचा आणि दुपारच्या आत परतायचा. अंगठीच्या आकड्याशी जुळणारे आवाज क्वचित यायचे. एक नाणं निघालं. एक पितळी बटण. एक किल्ली.

ऑक्टोबर आला. पावसाने नदीचं पाणी चढायला लागलं. चपट्या दगडाच्या पायथ्याला पाणी लागलं.

उल्काचं खाणं थांबलं होतं. ती बरीचशी झोपलेली असायची. जागी झाली की मान वळवून आधी पलंगाशेजारची त्याची खुर्ची बघायची.

"आज नका ना जाऊ," एकदा ती म्हणाली. "बसा जरा."

"पाणी चढतंय गं. मग जमायचं नाही."

"नाही तर नाही."

"नाही कसं? मिळणार. ती कुठे जातेय?"

"ती नाही जात कुठे," उल्का म्हणाली.

मोरेश्वरने रबरी बूट चढवले.

त्या दिवशीही काही मिळालं नाही. तो परतला तेव्हा उल्का जागी होती आणि औषधामुळे जरा हुशारीत होती. सुमेधा तिचे केस विंचरत होती.

"हिने वाटी चावली होती," उल्का म्हणाली. "ठाऊक आहे ना?"

"मी?" सुमेधा म्हणाली.

"मग कोण? दात येत होते तुला. कडेवर असलीस की मंगळसूत्र तोंडात. माझ्या माहेरच्या वाटीला पोचा आला, कडेला दात उमटला. आतली लाख दिसायला लागली. यांनी पाहिलं तर म्हणाले, पोरीच्या पोटात सोनं गेलं का बघ."

सुमेधा हसली. उल्काही हसली, मग तिला दुखलं.

मोरेश्वर हसला नाही. तो खुर्चीवरून उठला.

वाट्या लाखेवर केलेल्या असतात हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. वर कागदासारखा सोन्याचा पत्रा, आत लाख. गरिबाघरची वाटी तर आणखीच पातळ. दात येणाऱ्या पोरीने चावली तर दबली, इतकी पातळ. त्याने मात्र माप घेतलं होतं भरीव अंगठीचं.

"सुमे, तुझ्याकडे लाखेवर केलेलं काही आहे? मणी, झुबे, काहीही."

"आजीचे मणी आहेत. का?"

तो ते घेऊन मागच्या अंगणात गेला. यंत्राचे सगळे बंद केलेले आकडे उघडले. गवतात मणी ठेवून वरून चकती फिरवली. बारीक, घोगरा, अर्धवट आवाज आला. मग स्वयंपाकघरातून फॉइलचा तुकडा आणून मण्यांशेजारी टाकला. आवाज तोच. आकडाही जवळजवळ तोच. जो त्याने पहिल्या दिवशी बंद केला होता.

म्हणजे तो वाटीवरून गेला असणार. आडवा गेला आणि उभाही गेला. यंत्र सांगत असणार आणि त्यानेच त्याचं तोंड दाबून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्स येऊन गेली. ती सुमेधाला बाजूला घेऊन म्हणाली, आता घरातच राहा सगळे. सुमेधाने ते बापाला सांगितलं.

"मी लगेच येतो," मोरेश्वर म्हणाला.

"बाबा, ऐकलंत ना ती काय म्हणाली?"

"ऐकलं. म्हणूनच जातोय. आता मला माहीत आहे कुठे आहे ती."

"बाबा, प्लीज. सोडा ना ते. आईला तरी कुठे हवंय?"

"तिनेच सांगितलंय मला."

"कधी?"

उल्का झोपली होती. तिच्या अंगावरची रजई त्याने सारखी केली आणि तो समोरच्या गॅरेजकडे गेला. डॅरिलने त्याच्या तोंडाकडे बघून ट्रक काढला.

पाऊस बारीक पडत होता. मोरेश्वर थेट चपट्या दगडाशी गेला, त्याच्या पहिल्या वाफ्यात. या वेळी आवाज येताच तो बसला. फॉइल. बुजवून पुढे. फॉइल. कॅनची कडी. चॉकलेटची चांदी. गुडघे ओरडत होते, पण तो प्रत्येक आवाजाला बसत होता. डॅरिल मागे उभा राहून चाळणी धरत होता. मग दगडाच्या नदीकडच्या बाजूला, पाण्याच्या कडेला, तसाच एक घोगरा आवाज आला. त्याने हातानेच गोटे काढले. चाळणीत वाळू टाकली, हलवली.

वाटी पालथी पडली होती. आत चिखल. कडेला दातखुणेचा पोचा, आणि पोच्यातून डोकावणारी काळी लाख.

डॅरिलने डोक्यावरची टोपी काढली.

"दुसरीही जवळच असेल," डॅरिल हळूच म्हणाला. "थांबूया?"

"नो. होम."

तेवढ्या घाईतही त्याने खड्डा बुजवला. गोटे होते तसे लावले.

घरी पोचला तेव्हा सुमेधा दारातच उभी होती. "फोन का लागत नाही तुमचा? आई मघाशी उठली होती. तुम्हाला विचारत होती."

"काय म्हणाली?"

"आले का, म्हणाली. मी सांगितलं, येतायत."

त्याने बूट काढले आणि तसाच पलंगाशी गेला. उल्काचे डोळे मिटलेले होते. श्वास थांबून थांबून येत होता. त्याने तिचा हात हातात घेतला. तिची बोटं हलली, त्याच्या तळव्यावरून फिरली. वाळू होती, ओली माती होती, नखांत चिखल होता.

"नदीवर गेला होतात," ती म्हणाली. आवाज तिचाच होता, पण लांबून आल्यासारखा.

"हो. अगं, ऐक..."

"हात धुवा आधी."

तो थांबला. वाटी खिशात होती, चिखलाने माखलेली. हातही तसेच. अर्धं काम त्याने कधी कुणाला दाखवलं नव्हतं. स्वच्छ करू, मग तिच्या हातात देऊ, मग बांधू, असं त्याच्या मनात आलं.

"आलोच," तो म्हणाला.

बेसिनवर त्याने नळ सोडला. साबण लावला, धुतला, पुन्हा लावला. नखांना ब्रश लावला, एकेका नखाला. मग वाटी पाण्याखाली धरली. आतला चिखल मऊ होऊ दिला. जुना टूथब्रश घेऊन कडेने फिरवला, पोच्याजवळची लाख निघू नये म्हणून अगदी हलक्या हाताने. मळ गेला, पत्रा उजळला. सुमेधाचा दात स्पष्ट दिसायला लागला. त्याने वाटी उजेडात धरून आतून-बाहेरून बघितली. तळाशी थोडी रेती राहिली होती. तीही काढली.

"बाबा!"

तो ओल्या हातांनी धावला.

सुमेधा पलंगाच्या कडेला बसली होती. तिने आईचा हात धरला होता आणि ती त्याच्याकडे बघत होती. आता घाई करण्यासारखं काही नव्हतं.

मोरेश्वर पुढे आला. हात शर्टाला पुसले. उल्काच्या मानेमागे हळकुंडाच्या दोऱ्याची गाठ होती. ती त्यानेच मारलेली, म्हणून लगेच सुटली. त्याने दोऱ्यात वाटी ओवली, हळकुंडाशेजारी सरकवली, आणि पुन्हा गाठ मारली. ओढून बघितली. पक्की होती. वाटी त्याने तिच्या गळ्यावर सरळ केली, पोचा आतल्या बाजूला राहील अशी.

"मिळाली?" सुमेधाने विचारलं. "तिला सांगितलंत ना तुम्ही? मिळाली म्हणून?"

मोरेश्वर खुर्चीवर बसला. ती खुर्ची सकाळपासून रिकामी होती. त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर उताणे ठेवले. स्वच्छ होते. नखंसुद्धा.

त्याने मान हलवली. नाही.

आत बेसिनमध्ये पाण्याचा आवाज चालूच होता. जन्मात त्याने कधी नळ उघडा टाकला नव्हता. तो उठला नाही. शेवटी सुमेधाच उठली आणि तिने जाऊन नळ बंद केला.